टाकी कुठी आहे तुमची?

माणसं सापाला घाबरतात, अंधाराला घाबरतात, काही जण साधं झुरळ पाहून पलंगावर चढतात. पण पायाखालच्या जमिनीला घाबरणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आणि ते माझ्या वाट्याला नणंद म्हणून आलं. आमच्या ताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, अकोल्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर अमरावतीला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत कपड्यांची एक पेटी होती आणि बाकी टेम्पोभर बाटल्या, नळ्या, नरसाळी आणि मोजपट्ट्या. सामान उतरवता उतरवता टेम्पोवाल्यानं मला हळूच विचारलं, "बाईचं मेडिकल हाय काय?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

कुणाच्याही घरी गेलं की माणसं आधी "काय म्हणता, बरे आहात ना" असं विचारतात. ताई विचारायच्या, "टाकी कुठी आहे तुमची?" चांदूर रेल्वेला आम्ही मुलासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलीच्या वडिलांनी घराबद्दल कौतुकानं काही सांगायला सुरुवात केली आणि ताईंनी त्यांना मधेच थांबवून तोच प्रश्न विचारला. बिचाऱ्यांनी गच्चीकडे बोट दाखवलं. "वरची नाही, खालची," ताई म्हणाल्या. "संडासाची." मग रेशमी साडीचा ओचा सावरत ताई मागच्या अंगणात गेल्या, टाकीच्या झाकणापासून विहिरीपर्यंत ढांगा टाकत चालल्या, विहिरीत वाकून पाहिलं आणि परत येऊन सोफ्यावर बसून म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. विहीर बंद करा." लग्न जमलं हे आमचं नशीब. ती सून आता पुण्याला असते आणि तिच्या मैत्रिणींना हा प्रसंग ताईंच्या आवाजात करून दाखवते.

त्यांची भीती समजून घ्यायची तर आमची कॉलनी समजून घ्यायला हवी. गावाच्या कडेला, पूर्वीच्या कपाशीच्या शेतात पाडलेलं हे ले-आऊट. गटारलाइन अजून आलेली नाही, त्यामुळे प्रत्येक घराखाली ज्याची त्याची संडासाची टाकी, तिच्यामागे एक शोषखड्डा आणि कुंपणाला लागून ज्याची त्याची बोअर. नळ येतो, पण दिवसाआड, आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. आम्ही सगळे या व्यवस्थेवर खूश होतो. ताई खूश नव्हत्या. "आपून समजतो का खाली गेलं म्हनजे गेलं," त्या म्हणायच्या. "जात नाही ते. खालीच असते. अन् चालत असते." हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणायच्या, की जेवता जेवता माझा घास थांबायचा.

त्यांचा सगळा वेळ एका हिशोबात जायचा. वर्षभरात पावसाचं पाणी किती मुरतं, घराघरांतून वापरलेलं किती मुरतं, कुठल्या घरात किती माणसं, त्यांच्या पोटातून टाकीत काय जातं, टाकीतून जमिनीत काय उतरतं आणि पावसाचं पाणी त्याला किती पातळ करतं. मला समजावं म्हणून त्यांनी एकदा वरणाचं पातेलं पुढे ओढलं. "हे खालचं पानी समज. यात आपून रोज मीठ टाकून राहिलो. पहिले वरून साधं पानीही पडे, भागून जाये. आता तुमी सगळ्याइनं अंगनात फरशा बसवल्या. पाऊस नालीत चालला, संडास जमिनीत चालला. मंग वरन खारट होईल का नाही?" वरण त्या दिवशी खरंच थोडं खारट झालं होतं, म्हणून मला वाटलं की हा टोमणा आहे. तो नव्हता. ताईंना टोमणे येत नसत. त्यांना फक्त नायट्रेट येत असे.

संडासाच्या टाकीतून पाण्यात उतरणाऱ्या या नायट्रेटची त्यांना जेवढी धास्ती होती तेवढी लोकांना यमाची नसेल. "त्याले रंग नाही, वास नाही, चव नाही," असं सांगताना त्या आवाज खाली आणायच्या, जणू ते दाराआडून ऐकत असावं. "वास मारनाऱ्या पान्याचं भेव नाही वाटत मले. वास आला का मानूस सोताच दूर जाते. हे तर गोड पानी आहे म्हनून लोक पाहुन्याइले पाजतात." दिवाळीत आमच्याकडे पाहुणे आले की मी लाडू मोजायची आणि ताई माणसं. चार दिवसांसाठी आलेल्या माझ्या भावाला त्यांनी प्रेमानं वाढलं, खूप आग्रह केला आणि तो गेल्यावर हिशोबात त्याची भर टाकली. पातूरहून एवढ्या लांब आलेल्या माणसाची नोंद जमिनीखाली व्हावी याचं मला वाईट वाटलं.

पाणी मोजण्याची त्यांची रीत आणखी वेगळी. मोजपट्टीच्या टोकाला एक पोकळ लोखंडी वजन बांधलेलं होतं. ते बोअरच्या पाइपातून खाली सोडायचं आणि पाण्याला लागल्याचा 'टप्प' आवाज आला की पट्टी वाचायची. आवाज नीट यावा म्हणून ताई जमिनीवर पालथ्या झोपून पाइपाला कान लावायच्या. एका मे महिन्यात भर दुपारी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून त्यांना तसं पडलेलं पाहिलं आणि ऊन लागलं असं समजून त्या चिरलेला कांदा आणि तांब्या घेऊन धावत आल्या. काकूंनी नाकाशी कांदा धरला. ताई डोळे न उघडता म्हणाल्या, "थांबा जराशा, आवाज येऊन राहिला." काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. पण त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. काकूंचे यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले, दुपारभर झोपणारे. काकूंना बोलायला कुणी तरी हवं होतं, आणि ताईंना त्यांच्या बोअरमध्ये वजन सोडायचं होतं.

तिथंच ताईंना ते कळलं. आमची बोअर, काकूंची बोअर आणि कोपऱ्यावरच्या घराची बोअर, अशा तिन्ही ठिकाणचं पाणी मोजून जमिनीखालचा उतार कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी काढलं. बाटल्या भरून अकोल्याला नेल्या आणि जुन्या प्रयोगशाळेत पाणी तपासून आणलं. परत आल्या तेव्हा चप्पल काढायचं विसरून थेट स्वयंपाकघरात आल्या.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "आपलं त्याइच्या घरी जाऊन राहिलं."

"काय जाऊन राहिलं?"

"सगळंच."

आमच्या टाकीतून मुरलेलं पाणी कुंपणाखालून काकूंच्या बोअरकडे जात होतं आणि तिथं नायट्रेट चालतं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. मोठ्या माणसांना त्यानं लगेच काही होत नाही, त्या म्हणाल्या. पण बाटलीनं दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. बाळ निळं पडतं. हे सांगताना त्या बाहेर, काकूंच्या अंगणाकडे पाहत होत्या. तिथं काकूंची सून पल्लवी सातव्या महिन्याचं पोट घेऊन कपडे वाळत घालत होती.

पुढचं सगळं ताईंनी नीट हाताळलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण नीट हाताळणं हा त्यांचा विषय नव्हता. पल्लवीला मुलगी झाली, आणि बारशाला सगळी कॉलनी जमली. घरात सगळे तिला चिऊच म्हणायचे. पाळणा झाला, पंगत बसली, काकू स्वतः आग्रह करकरून बुंदी वाढत होत्या. ताई इतका वेळ गप्प होत्या, आतल्या आत उकळत होत्या. काकू पाण्याचा जग घेऊन त्यांच्यापुढे आल्या आणि ताई म्हणाल्या, "हे बोअरचं काय? पोट्टीले हे पाजू नका. आमच्या संडासाचं पानी तुमच्या बोअरमधी येते."

हेतू चांगला होता, हे मला माहीत आहे. पण पंक्तीतल्या प्रत्येकाच्या हातात पेला होता. कुणी तरी ठसका लागल्यासारखं खोकलं. काकूंनी जग खाली ठेवला आणि त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्या नातीच्या बारशात हेच सांगाले आल्या काय तुमी?" त्यानंतर त्यांनी ताईंशी बोलणं सोडलं. ताईंनी दोनदा तीनदा प्रयत्न केला. आकडे घेऊन गेल्या, उताराचं चित्र घेऊन गेल्या. काकांनी दारातच हात जोडले. मग ताई नळाच्या दिवशी पाण्याची कॅन भरून काकूंच्या फाटकाशी ठेवून यायच्या. काकू ती उचलून पुन्हा आमच्या फाटकाशी आणून ठेवायच्या. पाण्याचा हा प्रवास कॉलनीनं मोठ्या चवीनं पाहिला.

ताई मात्र रात्री नीट झोपत नसत, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून दिसायचं. सकाळी शेजारी बोअरची मोटर सुरू झाली की हातातला कप खाली ठेवायच्या आणि मोटर बंद होईपर्यंत उचलायच्या नाहीत. मी म्हणायची, "ताई, त्यांच्याकडे पाणी साफ करायचं मशीन आहे. पल्लवी अंगावर पाजते. काही होत नाही." त्या मान हलवायच्या. हळूहळू ती मोटर मलाही ऐकू यायला लागली. आधी कधी आली नव्हती.

एप्रिलमध्ये सगळंच एकदम जुळून आलं. पल्लवीला ताप आला, दूध कमी झालं, डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं. मशीन बिघडलं, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो म्हणत राहिला. नळ लांबला. बाळासाठी म्हणून पल्लवीनं बोअरचं पाणी घेतलं आणि कुठलाही जंतू राहू नये म्हणून ते खूप वेळ उकळलं. पोरीनं काळजी घ्यायची तेवढी घेतली होती. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते उरतं. जितकी काळजी घेतली तितकं ते दाट झालं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बोलणंच बंद होतं ना.

एका दुपारी कूलरच्या आवाजात मला फाटक वाजलेलं कळलंच नाही. पल्लवी सरळ घरात आली, पायात चप्पल नाही, कडेवर चिऊ. तिचा नवरा अकोल्याला नोकरीवर अपडाऊन करणारा, काका दवाखान्याची फाइल शोधत होते, काकू मागून येत होत्या. "वहिनी, हिचे ओठ बघा ना," पल्लवी म्हणाली.

ओठ पाटीच्या रंगाचे झाले होते. नखंही. बाळ रडत नव्हतं आणि तेच जास्त भयंकर होतं. नुसतं पाहत होतं. ताई आतून आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

आमच्या ह्यांनी गाडी काढली. राजापेठच्या पुलावर गर्दीत अडकलो तेव्हा पल्लवी सारखी बाळाच्या छातीवर हात ठेवून पाहत होती आणि काकू तिच्या हाताकडे पाहत होत्या. लहान मुलांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं लगेच प्राणवायू लावला. बोटाला लावायचं यंत्र मात्र रक्तातल्या प्राणवायूचा आकडा वर न्यायला तयार नव्हतं. प्राणवायू वाढवला, तरी तेच. हृदयाला जन्मापासून छिद्र असू शकतं, ती म्हणाली, नागपूरला हलवावं लागेल, गाडी बोलावते. नागपूर हा शब्द ऐकून पल्लवी भिंतीला टेकून खाली बसली.

ताई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. ज्या बाईनं पानवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना, कुणी न विचारताच, व्याख्यान दिलं होतं, ती आता तोंडावर पदर धरून उभी होती. मी जाऊन त्यांचा दंड धरला. "ताई, बोला ना. हेच सांगत होता ना तुम्ही?"

"अन् मी चुकली तर?" त्या म्हणाल्या. "माझं आयकून त्याइनं इथंच वेळ घालवला अन् पोट्टीच्या काळजातच बिघाड असला तर? कागदावर लिहिनं वेगळं असते वैशाली. हे बाळ आहे."

मी इतकी वर्षं त्यांना घाबरट म्हणत आले होते. पण त्या स्वतःच्या हिशोबालाही घाबरतात हे मला त्या व्हरांड्यात कळलं. आणि मग काकू आल्या. बारशापासून ज्यांनी आमच्या कुंपणाकडे मान वळवली नव्हती, त्या काकू ताईंसमोर उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून सरकला होता.

"बाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पान्याचं काय म्हनत होत्या तुमी? आता सांगा. मी आयकून राहिली."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि डॉक्टरला एवढंच म्हणाल्या, "बाळाचं दूध बोअरच्या पाण्यात केलं होतं. त्या पाण्यात नायट्रेट फार आहे, मी तपासलं आहे." आकडा नाही, उतार नाही, पावसाचं गणित नाही. एवढं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरनं सुईनं थेंबभर रक्त घेऊन पांढऱ्या कागदावर टेकवलं आणि कागद हवेत हलवला. रक्त लाल व्हायला हवं होतं. ते पानातल्या काथासारखं तपकिरीच राहिलं. तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, बोलता बोलता ताईंना खूण करून थांबवून घेतलं. नागपूरची गाडी थोपवली. एक इंजेक्शन हवं होतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. आमचे हे चिठ्ठी घेऊन धावले आणि दुसऱ्या दवाखान्यातून घेऊन आले. तो मधला वेळ मी विसरू शकत नाही. आत यंत्र टिकटिकत होतं. ताई आणि काकू एका बाकावर बसल्या होत्या, मध्ये एकाच माणसाला बसता येईल एवढी जागा सोडून.

औषध गडद निळं होतं. निळ्या पडलेल्या बाळाला निळं औषध देताहेत हे पाहून काकूंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं पल्लवी म्हणाली, "कान बघा." चिऊच्या कानाच्या पाळीला रंग येत होता. मग ओठांना. मग बाळानं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं. असं खणखणीत, की बाहेर बसलेली दुसरी माणसं आत डोकावली. अकोल्याहून निघालेला बाप त्याच वेळी जिना चढत होता, त्यानं तो आवाज खालूनच ओळखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज गेलेला. "बाई, लंगोट हिरवा झाला."

"होनारच," ताई म्हणाल्या. "औषधाचा रंग आहे तो. एक-दोन दिवस राहील."

"नक्की ना?"

"नक्की." आणि फोन ठेवून त्या मोरीजवळच्या पाटावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं.

आता कॉलनीनं त्यांचं ऐकलं हे सांगायला नको. जे लोक त्यांना पाहून रस्ता बदलायचे ते बाटल्या भरून आमच्या ओट्यावर रांगेत उभे राहिले. बोअरचं पाणी स्वयंपाकघरातून गेलं. तीन-चार घरांनी अंगणातल्या फरशा काढल्या, गच्चीचं पाणी खड्ड्यात सोडलं. ह्यांनी आमची टाकी पक्की बांधून घेतली आणि शोषखड्डा कुंपणापासून दूर, दुसऱ्या अंगाला नेला. ताईंना आनंद व्हायला हवा होता. त्या उलट जास्तच बावरल्या. "पहिले कोनी आयकत नव्हतं, तर चुकाची मुभा होती," त्या म्हणाल्या. "आता सगळे आयकतात." प्रत्येक बाटली त्या दोनदा तपासायच्या. खालचं पाणी सुधारायला किती वर्षं लागतील असं काकांनी विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं की माहीत नाही, कदाचित आपल्या हयातीत नाही. काकांना बरं वाटेल असं काही त्यांना सांगता आलं असतं. पण तेही त्यांच्या विषयात नव्हतं.

मात्र त्यांची एक गोष्ट बदलली. कॉलनीत कुणाकडे दिवस गेल्याचं कळलं की त्या जायच्या, बसायच्या, डोहाळ्यांबद्दल विचारायच्या, भजी खायच्या, पोरीच्या माहेरची चौकशी करायच्या. पाण्याचं तिसऱ्या-चौथ्या भेटीत काढायच्या, तेही हळूच. काकू सोबत असायच्या. ताई कुठे घसरायला लागल्या की काकू त्यांच्या मांडीला चिमटा काढायच्या.

मागच्या वर्षी ताई पुन्हा अकोल्याला गेल्या. गुडघे धरले, आमच्याकडचे जिने झेपेनात. तिथं त्यांच्या जुन्या सहकारी मैत्रिणीचं तळमजल्यावरचं घर आहे, दोघी मिळून राहतात. जायच्या दिवशी त्या माझ्यासोबत मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. पलीकडे चिऊ कुंपणाच्या तारेला धरून उभी होती, नुकती चालायला लागलेली, मातीत हात घालून तोंडाकडे नेणारी, आणि पल्लवी घरातूनच तिला दटावत होती.

"ताई, अजून भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते ना. जमीन तीच आहे." मग चिऊकडे पाहत म्हणाल्या, "पन पहिले मले एकटीलेच वाटे."

गाडी आली. काकूंनी त्यांना धरून बसवलं, मागच्या सीटवर उशी सारखी केली, दार लावलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघी फाटकात उभ्या होतो. मग काकू म्हणाल्या, "चल माय, चहा टाक," आणि माझ्याआधी आमच्या घरात शिरल्या.